कानात पुकारणारी कचेरी

या, असे इकडून या. पायऱ्या जरा उंच आहेत. बांधणाऱ्याला बहुतेक वाटलं असावं, की न्याय मागायला येणाऱ्याचे गुडघे शाबूतच असतात. आता त्या कमानीखाली कट्ट्यावर टेका आणि घटकाभर नुसते बसा. आवाज मात्र बेताचा ठेवा.

ही हिवरतळची न्यायकचेरी. हिवरतळ हे तालुक्याचं ठिकाण आहे, असं सरकार म्हणतं म्हणून आम्हीही म्हणतो. एरवी इथं आहे काय? एक पेठ, ती सुरू झाली म्हणेपर्यंत संपते. एक दवाखाना, एसटीचा थांबा आणि मारुतीचं देऊळ. तालुक्यातली दोन-तीन खेडी आमच्याहून मोठी आहेत, आणि दर बाजाराला ती आम्हाला तसं ऐकवूनही जातात. पण कचेरी आमची. काळ्या दगडाची, कमानींची, सागवानी तुळयांची. बघायला लांबून माणसं येतात, तशी तुम्ही आलात.

तो बघा, पट्टेवाला बाहेर आला. आता तो छाती फुगवून अमक्या-तमक्याच्या नावानं ओरडेल, असं तुम्हाला वाटतंय. सगळ्या कोर्टांत तसंच असतं. पण हा बघा, गर्दीतून वाट काढत त्या हिरव्या लुगड्याच्या बाईपाशी गेला. वाकला. कानाशी तोंड नेलं, नाव सांगितलं. बाई उठली, पदर सारखा केला आणि आत गेली. झाला पुकारा.

मी इथं आयुष्यभर वकिली केली. बाहेरगावचे वकील पहिल्यांदा येतात तेव्हा हसतात. म्हणतात, काय हो, तुमचा पट्टेवाला कोर्टाचं बोलावणं सांगतो की लग्नाचं गुपित?  मी त्यांनाही तुमच्यासारखंच कट्ट्यावर बसवतो आणि ठकूबाईची गोष्ट सांगतो.

खूप मागची गोष्ट आहे. संस्थानी अंमलातली की इंग्रजांच्या, यावर पेठेत दोन तट आहेत आणि दोघांचंही वय ऐंशीच्या पुढं आहे, म्हणून आपण त्यात पडायला नको. त्या वेळी इथं अंताजीपंत नावाचे मुन्सफ होते. माणूस सरळ, पण नियमाला घट्ट. आणि त्यांचा पट्टेवाला होता म्हाळू. या म्हाळूचा आवाज असा होता म्हणे, की त्यानं इथून नाव पुकारलं तर ओढ्यापलीकडच्या वाडीतला त्याच नावाचा माणूस पेरणीची पाभर सोडून उभा राहायचा. लोक कचेरीला न्यायासाठी कमी आणि म्हाळूचा पुकारा ऐकायला जास्त येत, असं सांगतात. त्याला स्वतःलाही त्याचा फार अभिमान होता.

तेव्हाचा नियम सगळीकडे होता तोच. तीन वेळा नाव पुकारायचं. तिसऱ्या हाकेला माणूस हजर झाला नाही, तर निकाल एकतर्फी, म्हणजे समोरच्याच्या बाजूनं.

आता ठकूबाई कोण? खालच्या अंगाला बोरखिंड म्हणून गाव आहे, तिथली शेतकऱ्याची विधवा. एकुलता एक मुलगा, केरबा. त्याची बायको हौसा. हौसा बाळंतपणाला माहेरी गेली होती, आणि इकडे केरबा भरल्या नदीत गाडी घालायला गेला. बैल पोहून काठाला लागले. केरबा लागला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी हौसाला मुलगी झाली.

आता दोन्ही बायकांची भीती समजून घ्या, कारण खटला त्या भीतीचा होता. ठकूबाईला वाटे, हौसा तरणी आहे. आज ना उद्या बाप तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून देईल, आणि माझ्या केरबाची उरलेली एवढी एकच खूण परक्या घरात जाईल. हौसाला वाटे, सासरी पाऊल टाकलं की लेकरू त्या घरचं होईल आणि मला बाहेरची वाट दाखवतील. मग एकीनं निरोप धाडला, पोरगी आणून दे. दुसरीनं धाडला, मेले तरी देणार नाही. निरोप नेणाऱ्यांनी त्यात आपापलं तिखट-मीठ घातलं. केरबासाठी रडायच्या त्या दोघी, एकमेकींच्या गळ्यात पडायचं सोडून कचेरीची पायरी चढल्या. ठकूबाईनं दावा लावला की नात माझ्या ताब्यात मिळावी. नात तोवर तिनं डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

सुनावणीच्या दिवशी हौसा आली ती तापानं फणफणलेलं लेकरू घेऊनच. बापानं गाडी जुंपून आणली होती. पोरीला ताप चढून बरेच दिवस झाले होते आणि तिचा डोळा म्हणून लागत नव्हता. गावच्या वैदूनं हात टेकले होते. तो म्हणाला होता, "आता औषध न्हाई बाई. गाढ झोप लागली तर पोर वाचंल. दचकून उठली तर माझा भरोसा न्हाई." पण तारीख होती. न जावं तर पोर जाणार सासूकडे, आणि जावं तर हा उन्हातला रस्ता. म्हाताऱ्या बापानं डोक्याचा फेटा सोडला, या इथल्याच तुळईला त्याची झोळी बांधली आणि गाडीचा कासरा तिला दोरी म्हणून लावला. हौसा कट्ट्यावर बसून झोके देत राहिली. पोर रडत राहिली. दुसऱ्या टोकाला ठकूबाई पाठ फिरवून बसली होती. तिची गाडी खाली पायऱ्यांशी जुंपलेलीच उभी होती, कारण निकाल लागला की नातीला घेऊन लगेच निघायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

मग केव्हातरी रडणं थांबलं.

ठकूबाई पाठमोरी होती, पण कान तिकडेच.  रडणं थांबलं तशी ती उठली, आणि वैर-बीर विसरून झोळीपाशी गेली. बघते तर पोरीचा एक डोळा मिटलेला आणि एक अर्धा उघडा. हौसाच्या तोंडचं पाणी पळालेलं. तिनं सासूकडे पाहिलं. ठकूबाईनं वाकून पोरीच्या नाकाशी बोट धरलं. मग हळूच म्हणाली, "निजलीय. केरबा असाच निजायचा, अर्धा डोळा उघडा टाकून. पहिल्यांदा बघितलं तवा मी गाव गोळा केलं हुतं."

त्या दोघींमधलं ते पहिलं बोलणं, असं सांगतात.

आणि नेमका तेव्हाच म्हाळू दारात आला. त्यांचाच खटला निघाला होता. त्यानं कंबरपट्टा सारखा केला, मान वर केली, छाती भरून घेतली. हौसाला सगळं कळत होतं. हाक आली तर पोर दचकणार. हाक आली आणि आपण उठलो तर झोळी थांबणार. उठलो नाही तर खटला हातचा जाणार. ती दोरी धरून तशीच बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

म्हाळूच्या तोंडातून आवाज निघालाच नाही. ठकूबाईचा हात त्याच्या तोंडावर होता.

"त्वांड उघडलंस तर बघ," ती दबक्या आवाजात म्हणाली, "लेकरू निजलंय."

म्हाळू गांगरला. सरकारी माणसाच्या तोंडावर आजवर कुणी हात ठेवला नव्हता. तोही आपोआप कुजबुजला, "आवं आत्याबाई, तुमचाच खटला हाय. म्या तीन हाका मारतो. ती काय उठायची न्हाई. निकाल आयता तुमच्या पदरात पडतोय."

"घाल चुलीत तुझा निकाल."

आत अंताजीपंत वाट बघत बसले होते. पुकारा नाही, पक्षकार नाहीत, पट्टेवालाही परत येईना. शेवटी ते रागानं उठले आणि करकरत्या वहाणांनी बाहेर आले. ठकूबाईनं त्यांच्या वहाणांकडे असं काही पाहिलं म्हणे, की मुन्सफसाहेबांनी उंबऱ्यातच वहाणा काढल्या आणि हातात घेऊन उभे राहिले. म्हाळूनं त्यांच्या कानात काय झालं ते सांगितलं. पंतांनी झोळीत डोकावून पाहिलं. त्यांनाही लेकरं होती.

असं सांगतात, की त्यानंतर सगळं हिवरतळ गप्प झालं. वार्ता पेठेत गेली, ती कुजबुजतच गेली. तांबटांनी हातोड्या खाली ठेवल्या. गाडीवानांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा उतरवल्या. शाळेतल्या पंतोजींनी पोरांचे पाढे थांबवले, त्याचा पोरांना जो आनंद झाला तोसुद्धा त्यांनी मनातल्या मनातच साजरा केला. काही जण तर म्हणतात, समोरच्या चिंचेवरच्या चिमण्याही गप्प झाल्या. चिमण्यांची हमी मी देत नाही. पण माणसं गप्प झाली, हे हिवरतळच्या माणसांना ओळखणाऱ्याला जास्त मोठं नवल वाटेल.

पण नियम तो नियम. पंत हौसाला हळूच म्हणाले, "बाई, जबाब आत येऊन, खुर्चीसमोर द्यावा लागतो. त्याला माझा इलाज नाही."

हौसा म्हणाली, "झोळी थांबली तर पोर उठंल जी."

तिचा बाप खाली गाडीपाशी, बैलांची तोंडं धरून उभा होता. बैलांनी मान हलवली असती तरी जुवाचे खिळे वाजले असते. मग दोरी धरायची कुणी?

ठकूबाईनं हात पुढे केला. "दे हिकडं."

आता बघा, कुठं येऊन ठेपलं ते. जिच्यापासून लेकरू लपवलं, जी ते घेऊन जायला आली आहे, जिची गाडी खाली जुंपून उभी आहे, तिच्याच हातात दोरी द्यायची आणि आपण भिंतीआड जायचं.  हौसा सासूच्या तोंडाकडे बघत राहिली, बराच वेळ. काय दिसलं तिला, ते तिलाच ठाऊक. एवढंच सांगतात, की झोका पलीकडे जाऊन परत येतो ना, तेवढ्या अवकाशात तिनं दोरी या हातातून त्या हातात दिली. झोळीला कळलंसुद्धा नाही.

आत जबाब सुरू झाला, तोही कुजबुजत. पंतांनी विचारलं, "मुलीचं नाव?"

"न्हाई जी."

"नाव नाही?"

"ठिवलं न्हाई. नाव बापाकडच्या बाईनं ठिवायचं आसतं. पोरीला आत्या न्हाई, आजीच हाय. ती ठिवंल म्हणून ऱ्हाऊ दिलंय."

पंत चकित झाले. मूल सहा-सात महिन्यांचं, बारसं टळून गेलेलं. "अगं, आजीशी तर तुझा खटला चाललाय."

"खटला हाय जी," हौसा म्हणाली, "पर नाव त्यांचंच हाय की. ते म्या कसं घिऊ?"

मला विचाराल तर सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. मी पुष्कळ निकाल वाचले, पण दुसऱ्याचा हक्क इतका जपून ठेवलेला कुठं वाचला नाही. ती बाई लेकराला बाळी म्हणे, चिमणी म्हणे, सोनी म्हणे. माहेरच्यांनी टोचून टोचून हैराण केलं असेल, की ठेव एखादं नाव आणि मोकळी हो. पण तिनं ती जागा मोकळी ठेवली, आणि जिच्यासाठी ठेवली तिच्याशीच ती भांडत होती.

पंतांनी म्हाळूला खूण केली, आता सासूला बोलाव. म्हाळू बाहेर आला. एवढा आवाजाचा माणूस, पण पायांच्या चवड्यांवर चालत ठकूबाईपाशी गेला, वाकला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "ठकूबाई, तुमचं बोलावणं हाय." आणि मग, सरकारी माणसानं सांगू नये ते त्यानं सांगितलं, "आन आत्याबाई, पोरीचं नाव ठिवल्यालं न्हाई. तुमच्यासाठी राखून ठिवलंय."

 ठकूबाईनं झोका मंद केला, अगदी थांबत आणला. मग झोळीत वाकली, आणि आत्यानं न्यावं तसं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. बारशाला बायका कसं कुर्र करून नाव घेतात, पाठीत धपाटे घालतात, हसतात! इथं तसलं काही नाही. तिनं नुसते ओठ हलवले. नाव काय ठेवलं ते कुणालाच ऐकू आलं नाही. म्हणून आज कुणी शेवंता म्हणतं, कुणी गजरा म्हणतं. ज्याला जे आवडतं ते तो सांगतो.

तेवढ्यात हौसा दारात आली होती. ठकूबाईनं दोरी तिच्या हातात परत दिली आणि आत गेली. पंत म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं मांडा." ती म्हणाली, "माझं काय म्हणणं न्हाई. पोर आईपाशी ऱ्हाऊ दे. उद्या दुसऱ्या घरला गेली तरी जाऊ दे. नाव म्या ठिवलंय, ते काय कुणी पुसत न्हाई." आणि मग मात्र तिला रडू फुटलं. तोंडात पदर कोंबून ती रडली, आवाज होऊ नये म्हणून. केरबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली, असं बोरखिंडीतले लोक सांगतात.

उन्हं कलली तेव्हा पोर घामानं चिंब होऊन जागी झाली, आणि भूक लागली म्हणून अशी काही कोकलली, की म्हाळू म्हणाला, ही माझ्या जागेवर येणार. तांबटांच्या हातोड्या पुन्हा सुरू झाल्या. पंतोजींनी पाढे पुन्हा लावले.

पुढं काय झालं, ते दोन तऱ्हांनी सांगतात. एक म्हणतात, हौसा त्याच संध्याकाळी सासूच्या गाडीत बसून बोरखिंडीला गेली आणि जन्मभर तिथंच राहिली. दुसरे म्हणतात, हौसाचा पाट लागला, आणि त्या वेळी ठकूबाई आईच्या जागी उभी राहून तिची पाठराखण करून आली. मला दुसरं खरं वाटतं. किंवा खरं असावं असं वाटतं. म्हातारपणी या दोन्हींत फारसा फरक राहत नाही.

अंताजीपंतांनी मात्र त्या दिवशी एक गोष्ट ताडली. कुजबुजत माणसाला भांडता येत नाही. शिवी हळू आवाजात द्यायला गेलं तर आपलं आपल्यालाच हसू येतं. त्यांनी म्हाळूला सांगितलं, उद्यापासून पुकारा असाच. म्हाळू आठवडाभर रुसला म्हणे. मग त्याला यातलाही अभिमान वाटायला लागला. पुढं तो सांगत असे, ओरडायला काय, गाढवसुद्धा ओरडतं. माणसाला त्याच्या नावानं हळू हाक मारायची तर आधी तो कुठं बसलाय ते बघावं लागतं.

त्याला आता किती पिढ्या झाल्या. मध्ये जिल्ह्याहून पुकाऱ्यासाठी भोंगा आला होता. तो खोक्यातच आहे. नवीन साहेब बदलून येतात, पहिल्या दिवशी भुवया उंचावतात, आणि महिन्याभरात स्वतःच हळू बोलायला लागतात.

आजही लहान मूल घेऊन बाई आली की या तुळईला झोळी बांधतात. आणि ती जबाबाला आत जायला उठली, की दोरी तिच्या माणसांच्या हातात देत नाहीत. समोरच्या पक्षाच्या हातात देतात. हे कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही, आणि कुणी सक्तीही करत नाही. पण आजवर दोरी धरणाऱ्यानं लेकरू घेऊन पळ काढला, असं एकदाही घडलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक नवरा-बायको आले होते. शिकलेले, पुण्याकडे नोकरीला असलेले, काडीमोडापर्यंत आलेले. मुलगा आठ-नऊ महिन्यांचा. पट्टेवाल्यानं तिच्या कानात नाव सांगितलं, आणि दोरी धरायला नवऱ्याला खूण केली. तिनं दोरी गच्च धरून ठेवली होती. मी इथंच बसलो होतो.  बऱ्याच वेळानं तिनं ती त्याच्याकडे दिली. त्या गृहस्थानं बहुतेक जन्मात कधी झोका दिला नसावा, कारण त्यानं विहिरीतून पाणी ओढावं तशी दोरी ओढली. आत जाता जाता ती थांबली, परत आली, त्याच्या हातावर हात ठेवला आणि किती हळू ओढायची ते दाखवलं. मग आत गेली.

निकाल काय लागला म्हणता? अहो, कोर्ट आहे, अजून तारखाच चालू आहेत. पण हल्ली दर तारखेला तो तिच्या आधी येतो, आणि झोळी बांधून ठेवतो.